लुगड्यातले कागद

ती घटना आठवायला मला जुनी डायरी उघडावी लागत नाही. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, आणि त्यातलं बरंचसं आता विसरले आहे. ही तर धड केससुद्धा झाली नाही. गुन्हा नोंदला गेला नाही, अटक झाली नाही, पेपरात ओळ आली नाही. तरी मागच्या रविवारी फोनवर तुम्ही दोघांनी "आजी, तुझी सगळ्यात मोठी केस कोणती?" असं विचारलंत तेव्हा मला पहिल्यांदा हीच आठवली. फोनवर नीट सांगता आली नाही, म्हणून लिहून पाठवते. आमच्या खात्याच्या शिस्तीप्रमाणे यात कोणाचंही नाव नाही. ती माणसं किंवा त्यांची मुलंबाळं अजून तिथेच राहतात.

भंडारा जिल्ह्यातून गोंदिया वेगळा झाला त्यानंतरच्या काही वर्षांतली ही गोष्ट. मी पोलीस उपनिरीक्षक होते आणि भंडारा जिल्ह्यातल्याच एका तालुक्याच्या ठाण्यात माझी नेमणूक होती. जिल्हा वाटला गेला तेव्हा सरकारी कागदांचे कापडात बांधलेले बस्ते ट्रकमध्ये भरून नव्या जिल्ह्याकडे जाताना आमच्या गावातल्या एका निवृत्त शिक्षकाने पाहिले. गाव त्यांना गुरुजी म्हणत असे. कचेऱ्यांचे कागद कचेऱ्या सांभाळतील, पण घराघरांत पडलेल्या कागदांचं काय, हा प्रश्न त्यांच्या डोक्यात शिरला तो शिरलाच. स्कूटर काढून ते गावोगाव फिरू लागले. मालगुजारीच्या काळातल्या पावत्या, तलावाच्या पाण्याच्या वाटण्या, जन्मपत्रिका, लग्नपत्रिका, रंगूनहून आलेलं एखादं पोस्टकार्ड, जे मिळेल ते आणून त्यांनी सार्वजनिक वाचनालयाच्या माडीवर एक संग्रह उभा केला. पुढे एक छोटी समिती झाली आणि मानधनावर एक चपराशी मिळाला.

गुरुजींची एक पद्धत होती. ज्या घरातून कागद येत, त्या घराने ते ज्या कापडात बांधून दिले असतील त्याच कापडात ते ठेवायचे. "बाई, बस्ता पाहायला आलेला माणूस आधी आपलं कापड ओळखतो, मग कागद," असं ते मला म्हणाले होते. त्यामुळे तिथली फडताळं कापडाच्या दुकानासारखी दिसत. धोतरं, पंचे, फेट्याचे तुकडे, उशीचे अभ्रे. प्रत्येकाला पुठ्ठ्याची चिठ्ठी बांधलेली.

माघ महिना असावा. सकाळची हजेरी आटोपून मी स्टेशन डायरी वाचत बसले होते. गुरुजी आत आले आणि खुर्चीवर न बसताच त्यांनी अर्ज पुढे केला.

"कागदांशी कोणीतरी खेळ केला आहे," ते म्हणाले.

प्रकरण असं होतं. सानगडीच्या बाजूच्या एका गावातल्या म्हाताऱ्या शेतकऱ्याने आपल्या घराण्याचे कागद संग्रहाला दिले होते. त्याचा आणि त्याच्या धाकट्या भावाचा तलावाखालच्या एका बांधीवरून, म्हणजे धानाच्या शेतावरून, कोर्टात दावा चालू होता. पुढच्या तारखेला हे कागद कोर्टापुढे ठेवायचे होते. त्या तयारीसाठी गुरुजींनी बस्ता काढला, तर वरचं जुनं लुगडं गायब. त्या जागी कोरं मांजरपाट. खळीचा वाससुद्धा गेलेला नव्हता.

"आतले कागद?" मी विचारलं.

"यादीप्रमाणे सगळे आहेत. पण एखादा काढून तसाच दुसरा घातला असेल तर? जुनं कापड सोडताना फाटलं असेल, म्हणून नवं बांधलं. मला तर दुसरं कारण दिसत नाही."

मलाही दिसलं नाही. माडीचं कुलूप शाबूत होतं. किल्ल्या दोनच. एक गुरुजींकडे, दुसरी चपराशाकडे. गुरुजींनी त्याला विचारलं होतं आणि तो गप्प राहिला होता. समितीचे लोक त्याला त्याच दिवशी काढायला निघाले होते. गुरुजींनी त्यांना थांबवलं आणि ते ठाण्यात आले.

आमच्या ठाणेदार साहेबांनी अर्ज वाचला आणि तो चौकशीवर ठेवून माझ्याकडे दिला. अर्जावर चौकशी म्हणजे गुन्हा अजून नोंदलेला नाही, आधी खरंखोटं पाहायचं. पण साहेबांचं मत तयार होतं. "किल्ली ज्याच्याकडे, चोर तोच. कोर्टाच्या तारखेआधी गुन्हा नोंदवून मोकळे व्हा."

चपराशी पन्नाशीचा होता. कोंढ्याकडचा. त्याचे वडील शेतमजूर. नागपूरला जाऊन बौद्ध धम्माची दीक्षा घेऊन आलेल्या पहिल्या लोकांपैकी एक. या वडिलांचे मोजके कागदही त्याने संग्रहात ठेवले होते, हे मला आधीपासून ठाऊक होतं. त्याला मी ठाण्यात बोलावलं. कोठडीच्या बाजूला नाही, माझ्या टेबलापाशी बसवलं. चहा मागवला. चौकशीला आलेला माणूस चहाचं काय करतो, याकडे मी नेहमी लक्ष ठेवत असे. खोटं बोलायला आलेला माणूस चहा घटाघट पितो किंवा कपाला हातच लावत नाही. याने बशीत ओतून, फुंकर घालून, शांतपणे प्यायला.

"बस्ता तुम्ही सोडला?"

"नाही जी."

"मग कोणी सोडला?"

 माझ्या डोक्यामागे भिंतीवर कॅलेंडर होतं, त्याकडे त्याने पाहिलं.

"तुमची नोकरी जाईल. नुसती नोकरी नाही, गुन्हा दाखल होईल. कळतंय का?"

"कळते ना मॅडम. चोरी मी केली नाही. कागदाले हात लावला नाही. पण कोण आलं होतं ते मले आज नोका विचारू."

"मग कधी विचारू?"

त्याने पुन्हा कॅलेंडरकडे पाहिलं. "पंधरवड्यानं विचारा. विचारा बी नोका, मीच येतो सांगायले."

मी हे साहेबांना सांगितलं तेव्हा ते खुर्चीत मागे रेलून हसले. "पंधरवड्याने कोर्टाची तारीख निघून जाते. मग हा राजा हरिश्चंद्र येऊन खरं सांगणार. मॅडम, तुम्ही इंग्रजी शिकून आलात, पण हिशोब सोपा आहे."

हिशोब सोपा होता खरा, पण मला तो पटत नव्हता. लपवणारा माणूस दाराकडे पाहतो, निसटायची वाट शोधतो. हा तारखांकडे पाहत होता. कशाची तरी वाट पाहत होता आणि त्याला स्वतःची काळजी नव्हती. तरी, कोर्टाची तारीख सोडून तो दुसऱ्या कशाची वाट पाहत असेल, हे मला सुचलं नाही.

खबर मिळाली ती वाचनालयासमोरच्या चहावाल्याकडून. असे लोक पोलिसांना आपण होऊन काही सांगत नाहीत, पण आपण त्यांच्या बाकड्यावर थोडं बसलो की त्यांना शांत राहवत नाही.

"त्याले कायले धरून राहिले मॅडम?" तो दूध ढवळत म्हणाला. "बाजाराच्या दिवशी एक म्हातारी येऊन बसली होती पायरीवर. सकाळपासून. याने दोनदा विचारलं, काहून बसली माय, म्हणून. मंग चहा पाजला अन् वर घेऊन गेला. जाताना ती मले सानगडीची गाडी किती वाजता म्हणून पुसत होती. हातात थैली. अन् चेहरा असा, का जसं घरी लगन आहे."

आता प्रकरण आणखी वाईट झालं. सानगडीकडची म्हातारी म्हणजे बहुधा त्याच घरातली. म्हणजे ज्याचा दावा, त्याच्याच घरच्यांनी चपराशाला हाताशी धरून कागद बदलले, असा अर्थ निघत होता. तसं ठरलं असतं तर चपराशी तर गेलाच असता, पण म्हाताऱ्याचा दावाही बुडाला असता. एकदा संशय आला की कोर्ट त्या बस्त्यातल्या कुठल्याच कागदावर विश्वास ठेवत नाही.

दुसऱ्या दिवशी स्टेशन डायरीत रवानगीची नोंद टाकली आणि एक महिला शिपाई सोबत घेऊन त्या गावी गेले. धान केव्हाच निघालं होतं. बांध्यांमध्ये लाखोरीचं कडधान्य हिरवंगार उभं होतं. घर गावाच्या टोकाला, तलावाच्या पाळीजवळ. अंगण सारवलेलं. ओसरीवर एक तरुण मुलगी भिंतीला टेकून, पाय पसरून बसली होती. दिवस अगदी भरत आले होते. आणि अंगणाच्या कडेच्या काट्यांच्या कुंपणावर एक जुनं लुगडं वाळत होतं.

गुरुजींनी अर्जात वर्णन लिहिलं होतं. हिरवट निळा रंग, तांबडा काठ, मोहाडीकडच्या मागावरचं सुती कापड, मधोमध विटलेलं. मी जाऊन काठ हातात घेतला. पुन्हा पुन्हा धुवून ते सायीसारखं मऊ झालं होतं. आतून एक म्हातारी पदराला हात पुसत बाहेर आली. माझी वर्दी पाहिली, माझ्या हातातला काठ पाहिला आणि जागच्या जागी उभी राहिली.

"पोरीसमोर नोका बोलू बाई," ती हळूच म्हणाली. "इकडे या."

आम्ही गोठ्याच्या बाजूला गेलो. शिपाईबाई त्या मुलीपाशी बसून कितवा महिना, कुठल्या गावी दिली, अशा गप्पा मारू लागली.

"वाचनालयातून हे तुम्ही आणलं?"

"हाव. मीच आणलं. त्या भावानं नुसतं दार उघडलं. त्याले काही करू नोका."

"कागदांना हात लावला?"

"कागद मले काय वाचता येते का? जसे होते तसे उचलले अन् नव्या कापडात बांधले. चांगलं कापड घेतलं, बाजारात सगळ्यात मजबूत होतं ते. फुकट नाही नेलं काही मी."

"पण हे जुनंच का?"

तिने ओसरीकडे पाहिलं. "ते माही नातीन. तिची माय म्हणजे माही पोरगी. ही रांगत होती तवा तापानं गेली. लुगडं तिचं होये. तिचं बाकी काही राहिलं नाही. जे होतं ते आमच्या या माणसानं तवाच वाटून टाकलं. हे एक राहिलं, तर त्यात कागद बांधून फडताळात ठेवले. त्या दिवसापासून तिचं नाव नाही घेत तो. मी घेतलं तर उठून जाते. अन् मंग एक दिवस गुरुजी आले, तर बस्ता तसाच्या तसा उचलून देऊन टाकला. मले विचारलं बी नाही."

तुम्हाला इथे एक सांगायला हवं. आपल्याकडे जन्मलेल्या बाळाला नवं कापड लावत नाहीत. घरातल्या वडीलधाऱ्या बाईचं, वापरून मऊ झालेलं कापड फाडून त्यात बाळाला घेतात. पहिलटकरीण माहेरी येते आणि तिच्या आईचं जुनं लुगडं तिच्या बाळासाठी निघतं. या मुलीला आई नव्हती.

"गुरुजींना मागायचं होतं," मी म्हटलं. "त्यांनी आनंदाने दिलं असतं."

"कसं मागू? एक तर बाळ व्हायच्या पहिले कोणाले सांगत नाहीत. आम्ही झबलं बी शिवून नाही ठेवत. नजर लागते, काही होते. अन् दुसरं..." तिचा आवाज आणखी खाली आला. "लोकं म्हणतीन, मेलेल्या बाईचं कापड लेकराले लावते. भावाभावाचा दावा असन, तरी जाऊ कालच म्हणत होती, माह्या पोरीचं घे म्हणून. तिची पोरगी जित्ती आहे, तिचं कापड चांगलं, मले समजते. पण हिची माय ते होये ना बाई? दुसरं कोणाचं कसं लावू? त्या भावाले एवढंच म्हटलं, बाळ सुखानं होऊ दे, तवर तोंडातून काढू नको. तो म्हणाला, माय, माह्या बापाचे कागद बी त्याच्या दुपट्ट्यातच आहेत. अन् कुलूप काढलं."

मला कॅलेंडर आठवलं.

आता माझी अडचण ऐका. कायद्याच्या भाषेत ते लुगडं मुद्देमाल होता. पंचनामा करून, पुडक्यात घालून, लाखेचं सील लावून ते मी ठाण्यात जमा करायला हवं होतं. एकदा मालखान्यात गेलेली वस्तू महिनोन् महिने सुटत नाही. बाळ तोपर्यंत जन्मून रांगायला लागलं असतं. आणि ते जप्त न करता परत गेले असते, तर चपराशी निर्दोष आहे हे मी कशावरून सिद्ध करणार होते? म्हातारीचं माझ्या तोंडाकडे लक्ष होतं. तिने हात जोडले नाहीत, रडली नाही. फक्त म्हणाली, "न्यायचं असन तर आज नोका नेऊ. बाळाले एक डाव त्यात घेऊ द्या, मंग मी सोता आणून देतो."

तेवढ्यात म्हातारा आला. डोक्याला टॉवेल, धोतराच्या ओच्यात लाखोरीची भाजी. वर्दीतली बाई दिसल्यावर तो आधी दाव्याचंच काही असेल असं समजला. "भावानं रिपोर्ट केला का मॅडम?" म्हणत पुढे आला आणि त्याची नजर कुंपणावर गेली. ओचा सुटला. भाजी तिथेच मातीत पडली.

मी माझ्या पद्धतीने गेले. चौकशीत मिळालेली वस्तू कोणाची आहे हे घरच्या माणसाकडून विचारून घ्यावंच लागतं. त्यात दयामाया नसते, नेमकं उत्तर लागतं.

"बाबाजी, हे लुगडं ओळखता का?"

त्याने मान हलवली.

"मान नको, तोंडाने सांगा. मला लिहून घ्यायचं आहे. हे कोणाचं?"

म्हातारी गोठ्याच्या खांबाला धरून उभी होती. ओसरीवरची मुलगीही आता आमच्याकडे पाहत होती. म्हाताऱ्याने डोक्याचा टॉवेल काढून हातात घेतला.  मग त्याने आपल्या मुलीचं नाव घेतलं. पूर्ण, बापाच्या नावासकट, जसं शाळेत हजेरीला घेतात तसं.

ओसरीवरच्या मुलीने ते आजोबांच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकलं असावं. ती भिंतीचा आधार घेऊन उठायला लागली. शिपाईबाईने तिला धरलं.

म्हातारा कुंपणापाशी गेला आणि एकेक काटा बाजूला करत लुगडं सोडवू लागला. बायकोकडे न पाहता म्हणाला, "काट्यावर कायले टाकलं? फाटन ना. तुले समजत नाही का?"

"दोरीवर टाकलं असतं तर तुमाले पहिले दिसलं असतं," म्हातारी म्हणाली.

"मंग दिसलं असतं तं का खाल्लं असतं का मी?" तो म्हणाला. लुगड्याची त्याने चार पदरी घडी केली आणि ती नातीच्या हातात नेऊन दिली.

मी लुगडं जप्त केलं नाही. तिघांचे जबाब घेतले आणि त्याच संध्याकाळी गुरुजींकडे गेले. ऐकता ऐकता त्यांनी चष्मा काढला. दुसऱ्या दिवशी स्कूटरवर बसून ते स्वतः त्या गावी जाऊन आले. मग महत्त्वाच्या कागदांच्या आधी काढून ठेवलेल्या झेरॉक्स समोर ठेवून त्यांनी बस्त्यातले कागद ताडून पाहिले. कुठेही खाडाखोड नव्हती, की अदलाबदल नव्हती. माझ्या टेबलापाशी बसून त्यांनी अर्ज गैरसमजुतीने दिल्याचा जबाब लिहून दिला. "प्रत्येक कागदाला मी नंबर दिला," ते म्हणाले, "आणि कापड मोजलंच नाही. ते त्या बाईंचंच होतं. माझ्याकडे नुसतं येऊन पडलं होतं."

साहेबांनी माझा अहवाल उभ्या उभ्या वाचला. "एका लुगड्यापायी सरकारी गाडी सानगडीपर्यंत," एवढंच म्हणाले आणि 'अर्ज दप्तरी दाखल' असा शेरा मारून सही केली. पण नंतर बाहेर जाऊन त्यांनी समितीच्या अध्यक्षांना फोन लावला, चपराशाला त्रास द्यायचा नाही म्हणून. ते मी दारातून ऐकलं.

चपराशाला निरोप द्यायला मी स्वतः वाचनालयात गेले. तो माडीवर फडताळं पुसत होता. चौकशी संपली असं सांगितल्यावर त्याने नोकरीचं विचारलं नाही.

"पोरगी बरी आहे ना?"

"बरी आहे. दिवस भरत आलेत."

"त्या मायले सांगा मॅडम, मी नाही सांगितलं म्हणून. तिले वाटन, मीच बोललो."

"तिला माहीत आहे."

मग त्याने फडकं खांद्यावर टाकलं आणि एवढ्या दिवसांत पहिल्यांदा हसला.

मुलगी झाली. बाळंतीण सुखरूप होती. बारसं झाल्यावर म्हातारा-म्हातारी दोघं मिळून गुरुजींकडे पेढे घेऊन आले. सोबत लुगड्याच्या तांबड्या काठाची एक वीतभर पट्टी होती. म्हातारीने ती तिथेच बसून मांजरपाटाच्या कोपऱ्याला शिवली, बस्ता ओळखू यावा म्हणून. बाळाचं नाव काय ठेवलं ते तुम्ही ओळखलं असेल. म्हातारा आता ते नाव दिवसातून पन्नास वेळा हाका मारून घेतो, अशी तिची तक्रार होती. त्यानंतर गुरुजी कोणाकडे कागद मागायला गेले की पुरुषाची सही घेण्याआधी घरातल्या बाईला बाहेर बोलावत आणि विचारत, "या कापडाचं काही काम आहे का?"

त्या केसने मला काय शिकवलं? गप्प बसणारा प्रत्येक माणूस काही पाप लपवत नसतो. काही माणसं दुसऱ्याचं सुख सांभाळत गप्प बसलेली असतात, आणि त्यासाठी स्वतःचं नुकसान सोसायला तयार असतात. पुढे चौकशीला बसलेला माणूस बोलेनासा झाला की मी त्याला आणखी एक प्रश्न विचारू लागले. कोणासाठी गप्प आहात? पुष्कळ वेळा कुलूप तिथेच उघडलं. शिवाय, आपण ज्याला पुरावा म्हणतो तो बहुतेक कुणाच्या तरी घरातली वापरातली वस्तू असते. ती उचलताना एकदा इकडे तिकडे पाहावं.

तुम्ही जन्मलात तेव्हा मी इकडून पार्सल पाठवलं होतं. माझी बहुतेक नोकरी खाकीत गेली, त्यामुळे विरलेली सुती पातळं माझ्याकडे फार नव्हती. जे एक होतं ते पाठवलं. तुमची आई फोनवर म्हणाली, "आई, इथे सगळं मिळतं गं, जुनं कशाला पाठवलंस?" पण ठेवून घेतलं. तिला विचारा, त्याचा एखादा तुकडा राहिला आहे का. असेल तर धुवून, घडी घालून ठेवायला सांगा. पुढे तुमच्या घरी लागेल.

काट्यावर मात्र वाळत घालू नका.